चार फुटांवरची खाच

मित्रांनो, तुम्हाला कधी ना कधी कुणीतरी भिंतीला टेकून उभं केलं असेल, डोक्यावर पट्टी आडवी धरली असेल आणि ‘टाचा खाली’ असं बजावलं असेल. मी त्याच कामाची एक जुनी कडुलिंबाची फळी आहे. माझं सगळं आयुष्य मुलांच्या पाठीला पाठ लावून गेलं. लांबी पाच फूट, रुंदी वीतभर, जाडी दोन बोटं. दिसायला मी फारशी देखणी नाही, पण एके काळी माझ्या शब्दाशिवाय एकही मूल पुढं जात नसे.

माझं झाड दौंड तालुक्यातल्या खुटबावला एका विहिरीच्या काठावर होतं. वादळात ते उन्मळलं आणि म्हाळू सुतारानं ते कापून नेलं. बहुतेक लाकडाच्या चौकटी झाल्या, बाजा झाल्या. मी उरले. त्याच सुमारास, म्हणजे सत्त्याण्णव साली, पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडीच्या पुढं सर्जेरावांनी आपल्या पडीक रानात एक पार्क काढलं होतं. झुकझुक गाडी, आकाशपाळणा, पाण्याची घसरगुंडी आणि सगळ्यात मोठं म्हणजे झोके घेणारं लोखंडी जहाज. पार्कची बाकं करायला म्हाळूला बोलावलं, तेव्हा त्याच्या सामानाबरोबर मीही तिथं पोचले.

जहाजाबरोबर एक कागद आला होता. चार फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना जहाजात बसवू नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. बसणाऱ्याच्या मांडीवर एक लोखंडी दांडा येऊन अडकायचा आणि त्यानंच माणूस जागेवर राहायचं. मूल फार लहान असेल तर दांड्याखाली पोकळी राहायची. सर्जेरावांनी म्हाळूला सांगितलं, एका फळीवर चार फुटांवर लाल रेघ मार आणि फळी फाटकाजवळ ठोक. म्हाळूनं टेपनं तीनदा माप घेतलं. मग रंगाचा डबा बाजूला ठेवून त्यानं पटाशी उचलली.

सर्जेराव म्हणाले, नुसती रेघ पुरे की. तर म्हाळू म्हणाला, “रंग उडतो, मालक. खाच ऱ्हाती.”

पटाशीचे घाव मला लागले, पण त्या खाचेत लाल रंग भरल्यावर मला माझं काम कळलं. मी आता उरलेलं लाकूड नव्हते.

जहाजाच्या फाटकावर सुरेखाताई असायच्या. त्या कोरेगाव भीमाच्या. नवरा पोपट सणसवाडीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. दहावी पास झालेल्या सुरेखाताईंना पार्कात नोकरी लागली, तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या बायका त्यांना बघायला म्हणून आल्या होत्या. निळी साडी, गळ्यात शिट्टी, हातात तिकिटं पंच करायचा चिमटा. जहाज चालवायचा दांडा म्हस्कूच्या हातात असायचा. सुरेखाताईंनी हात वर केल्याशिवाय म्हस्कू तो ओढत नसे.

मित्रांनो, तुमच्यासारख्या मुलांनी मला फसवायचे काय काय प्रकार केले म्हणून सांगू! कुणी टाचा उचलायचं. कुणी बुटात वर्तमानपत्राच्या घड्या घालून यायचं. एका मुलीनं तर आईकडून डोक्यावर अंबाडा बांधून घेतला होता. सुरेखाताई केस दाबून पट्टी धरायच्या आणि हसायच्या. जे मूल कमी भरे, ते रडवेलं होई. मग त्या माझ्या कडेवर पेन्सिलीनं त्याच्या उंचीची बारीक खूण करायच्या, शेजारी नाव लिहायच्या आणि सांगायच्या, पुढल्या खेपेला ये, बघू किती वाढलास. मुलं खरंच यायची. आधी जहाजाकडं न बघता माझ्या कडेवर आपलं नाव शोधायची. ते दिवस फार सुखाचे होते.

चार वर्षं अशी गेली. मग सर्जेरावांचा मुलगा विश्वजीत पुण्याचं शिक्षण संपवून आला आणि पार्कचा कारभार बघू लागला. तो वाईट मुलगा नव्हता. पहाटे येऊन तो स्वतः झाडांना पाणी घालायचा. पण मे महिन्याच्या गर्दीत जहाज निम्मं रिकामं झुलायचं आणि लांबून आलेली माणसं पोरांना घेऊन फाटकावरून कुरकुरत परत फिरायची, हे त्याला बघवत नव्हतं.

एकदा सुरेखाताई बहिणीच्या लग्नाला दौंडला गेल्या होत्या. त्या दिवशी रंगारी आला. त्यानं माझी खाच लांबीच्या लगद्यानं भरून बुजवली, पुढून मला पांढरा रंग दिला आणि चार बोटं खाली नवी लाल रेघ मारली. नव्या रंगात मी छान दिसत होते. ‘किती छान फळी’ असंही कुणीतरी म्हणालं. पण त्या दिवशी माझ्याकडून जी मुलं पुढं गेली, त्यांच्याकडं मला बघवलं नाही. मी बोलू शकत नव्हते. माझ्या अंगावर जे लिहिलं होतं तेच मी सांगत होते, आणि ते खोटं होतं.

तिसऱ्या दिवशी सुरेखाताई कामावर आल्या. थोड्या वेळानं सणसवाडीचा आयुष आला. आठवड्यापूर्वीच त्याला परत पाठवलं होतं आणि माझ्या कडेवर त्याची खूण होती. आज तो रेघेच्या वर भरला. सुरेखाताई चकित झाल्या. त्यांनी कडेवरची खूण पाहिली. आयुष तिथंच होता, एक केसभरही वाढला नव्हता. त्यांनी नखानं माझा रंग खरवडला. लांबी निघाली आणि बोट खाचेत गेलं. त्या क्षणी त्यांचा चेहरा जो उतरला, तो मी अजून विसरले नाही. आयुषला त्यांनी झुकझुक गाडीत बसवून दिलं आणि तडक विश्वजीतकडं गेल्या.

विश्वजीतनं त्यांना शांतपणे समजावलं. तो कागद परदेशी मापाचा आहे, चार वर्षांत काही झालं नाही, उगाच लोकांना नाराज कशाला करायचं. तुम्ही रेघ बघा, बाकीचं मी बघतो, असं त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फाटक उघडायच्या आधी सुरेखाताई म्हस्कूशी बोलत होत्या, म्हणून मला हे आणि पुढचं कळलं. त्यांनी घरी पोपटला सगळं सांगितलं होतं. पोपटच्या कारखान्यात प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच मशीन चालतं, म्हणजे हात मशीनखाली राहत नाही. एकदा काम उरकावं म्हणून कुणीतरी एका बटणात काडी अडकवून ठेवली होती. आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी बिहारकडच्या एका पोराची दोन बोटं गेली.

“म्हस्कूभाऊ,” सुरेखाताई म्हणाल्या, “ही नवी रेघ म्हंजी ती काडी हाय. मी आजपासनं खाचंवरच मोजणार.”

म्हस्कूनं मान डोलावली. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

दुपारच्या सुमारास सर्जेरावांची आई, दगडाबाई, जीपमधून आल्या. उपाहारगृहासाठी त्यांनी घरचा कांदा आणला होता, अर्धं पोतं. बरोबर विश्वजीतची भाची वैष्णवी होती, सात वर्षांची, नवा फ्रॉक घातलेली. विश्वजीत तिला कडेवर घेऊनच फाटकाशी आला. वैष्णवी माझ्याशी उभी राहिली. तिचं डोकं नव्या रेघेच्या वर होतं आणि खाचेच्या खाली. तिचे रिबिनीचे केस मला मऊ लागत होते. मित्रांनो, इतकी भीती मला पटाशीचीही वाटली नव्हती.

सुरेखाताईंनी तिला हळूच बाजूला घेतलं. विश्वजीत म्हणाला, सोडा तिला.

“न्हाई सोडायची, साहेब. कुनाचीबी पोरगी असती तरी न्हाई.”

मागच्या रांगेत एकच कालवा झाला. विश्वजीत लाल झाला. उद्यापासून कामावर आला नाहीत तरी चालेल, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. सुरेखाताईंच्या घरात त्या नोकरीवर काय काय अवलंबून होतं, ते मला ठाऊक होतं. त्यांनी हातातला चिमटा स्टुलावर ठेवला. पण फाटकातून त्या हलल्या नाहीत.

गलका ऐकून दगडाबाई काठी टेकत आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. सुरेखाताईंनी त्यांना दोन्ही रेघा दाखवल्या. मग म्हणाल्या, “आजी, पोरीच्या जागी आधी तुमचं कांद्याचं पोतं बसवा. त्ये जागेवर ऱ्हायलं, तर मी आपनहून घरी जाते.”

दगडाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. पोतं साधारण वैष्णवीच्याच वजनाचं होतं. ते तिच्या जागी ठेवलं, वरून दांडा अडकवला. जहाजात दुसरं कुणीच नव्हतं. विश्वजीतनंच हात वर केला. म्हस्कूनं सुरेखाताईंकडं पाहिलं. त्यांनीही हात वर केला, तेव्हा जहाज सुरू झालं.

पहिल्या झोक्याला पोतं जागच्या जागी हललं. दुसऱ्याला ते थोडं पुढं सरकलं. तिसऱ्या झोक्याला जहाज उंच जाऊन खाली झेपावलं, तसं पोतं दांड्याखालून निसटलं, जहाजाच्या कठड्यावर आपटून फुटलं आणि कांदे पावसासारखे चहूकडं उडाले. एक कांदा माझ्या पायाशी येऊन थांबला. म्हस्कूनं जहाज थांबवलं. वैष्णवीनं पणजीचा पदर घट्ट धरला होता.

विश्वजीतनं रिकाम्या जागेवरचा दांडा हलवून पाहिला. तो म्हणाला, पोत्याला हात नसतात, पोरगी दांडा धरून बसली असती.

“म्हंजी तुझं जहाज पोरीच्या मुठीवर चालतंय व्हय?” दगडाबाईंनी विचारलं.

तो खाली बसला आणि कांदे वेचू लागला. ड्रायव्हर मदतीला आला, तर त्याला त्यानं हातानंच नको म्हटलं. शेवटचा कांदा गोळा होईपर्यंत तो एकटा वेचत होता.

त्या दिवशी जहाज पुन्हा चाललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीत पॉलिश पेपर घेऊन माझ्यासमोर बसला आणि खोटी रेघ घासून काढू लागला. सुरेखाताई आल्या, पण फाटकाच्या अलीकडंच थांबल्या. तो मान वर न करता म्हणाला, “काल बोललो ते मनात धरू नका, ताई.”

“धरलं असतं तर आज आले असते व्हय?” त्या म्हणाल्या, आणि जुन्या खाचेत लाल रंग त्यांनीच भरला.

नंतर सर्जेरावांनी पार्क आठ दिवस बंद ठेवलं आणि माहीतगार माणूस बोलावून एकेक गोष्ट तपासली. तेव्हा कळलं, की एवढी वर्षं आम्ही ज्याला पुरेसं समजत होतो, ते पुरेसं नव्हतं. दोन दांड्यांच्या खिट्ट्या झिजल्या होत्या. जहाजाभोवतीचा कठडा मुलं सहज ओलांडतील इतका बुटका होता. मलमपट्टीच्या पेटीत वाळलेल्या कापसाशिवाय काही नव्हतं. सगळं नवं झालं, प्रत्येक जागेला कमरेचा पट्टा आला आणि रोज सकाळी वाळूची पोती बसवून एक फेरी घ्यायची असं ठरलं. त्या फेरीवर देखरेख सुरेखाताईंची. विश्वजीत जवळ उभा राहायचा. जोराचं वारं सुटलं की जहाज बंद, मग रांगेत कुणीही असो. कुरकुर करणारे तेव्हाही होते. आता विश्वजीत स्वतः त्यांना समजावून सांगायचा.

वैष्णवी दोन वर्षांनी खाचेच्या वर भरली. जहाजातून उतरल्यावर तिला उलटी झाली आणि ती म्हणाली, यापेक्षा झुकझुक गाडी बरी. सुरेखाताईंना हसू आवरेना.

पुढं दोन हजार आठ साली चकचकीत पत्र्याचा बोर्ड आला. त्यावर विदूषकाचं चित्र आणि छापील आकडे होते. मला जनरेटरच्या खोलीमागं टेकवून ठेवलं. दोन पावसाळे मी तिथं काढले. अंगावर कोळ्यांनी जाळी विणली. आपलं काम संपलं, असं वाटून मला वाईट वाटायचं. पण आपल्या जागी खरं सांगणारा कुणीतरी आहे, याचं समाधानही होतं.

एक दिवस सुरेखाताईंनी विश्वजीतकडं मला मागून घेतलं. त्यांच्या जाऊबाई पार्वतीबाई कोरेगाव भीमात अंगणवाडी चालवतात. त्यांनी मला धुतलं, पुसलं, खालपासून वरपर्यंत आकडे काढले आणि अंगणवाडीच्या भिंतीला पक्कं बसवलं.

मित्रांनो, तुम्ही पार्कात जाल, जत्रेत पाळण्यात बसाल. खूप मजा करा. पण कुणी तुम्हाला थांबवलं, तर तो अपमान समजू नका. टाचा खाली ठेवून खरं माप द्या. दांडा नीट अडकला का, पट्टा लागला का, हे स्वतः हात लावून बघा आणि शंका आली तर मोठ्यांना बेधडक विचारा. विचारणाऱ्याला कुणी हसलं, तरी विचारा.

कालच अंगणवाडीत संघर्ष नावाचा तीन वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदा माझ्याशी उभा राहिला. त्याची पाठ ताठ होती आणि श्वास रोखलेला. पार्वतीबाईंनी आकडा वहीत लिहिला. त्यानं भीत भीत विचारलं, “बास हाय का?”

“बास हाय की,” त्या म्हणाल्या. “जा, खेळ जा.”

आणि तो पळाला. इथं मला कुणालाच परत पाठवावं लागत नाही.