गॅरेजातलं बिऱ्हाड

मनोरमाबाई सांगलीहून मुलाकडे आल्या तेव्हा ऑकलंडला थंडी सुरू झाली होती. प्रसन्नचं हेन्डरसनला औषधांचं दुकान आणि सून सुरुची इस्पितळात नर्स. दोघं सकाळी बाहेर पडली की घर बाईंना खायला उठायचं. जन्मभर बालवाडी चालवलेली बाई. कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणण्यात तिचा दिवस कसा जाणार? म्हणून एका शनिवारी प्रसन्न न्यू लिन उपनगरातल्या आपल्या दुसऱ्या घराच्या पन्हळी साफ करायला निघाला, तेव्हा त्याही गाडीत जाऊन बसल्या.

हे घर प्रसन्नने भाड्याने देण्यासाठीच घेतलं होतं. पुढे एक सामोअन कुटुंब राहायचं. मागच्या अंगणात गाडीसाठी बांधलेलं गॅरेज होतं. त्यात पार्टिशन घालून आणि शॉवर बसवून त्याने तेही भाड्याने दिलं होतं. तिथे गणेश आणि सुलभा हे बारामतीकडचं जोडपं चार वर्षांच्या सिद्धीला घेऊन राहत होतं. गणेश पेनरोजच्या गोदामात रात्रपाळी करायचा, सुलभा एका वृद्धाश्रमात कामाला होती. नवीन आले तेव्हा त्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा प्रसन्नने आसरा दिला होता. ती दोघं त्याला प्रसन्नदादा म्हणायची आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं.

सुलभाने चहाला आत बोलावलं. दार लोटल्याबरोबर बाईंच्या नाकात ओल्या गोणपाटासारखा वास शिरला. सिमेंटवर गालिचा अंथरलेला होता, पण पाय टेकला की गारवा थेट पोटरीत चढायचा. सिद्धीच्या पलंगाशेजारची भिंत खालून वर काळपट होत गेली होती. पुसल्याचे फराटे दिसत होते आणि त्यांच्यावर पुन्हा उगवलेली बुरशीही दिसत होती. पोरगी पांघरुणात बसून खोकत होती. बाईंनी आयुष्यात पुष्कळ पोरांचे खोकले ऐकले होते. हा खोलातून येत होता.

"कधीपासून आहे हा?" त्यांनी विचारलं.

येतो-जातो, सुलभा म्हणाली. औषध चालू आहे, दादांच्याच दुकानातून आणतो.

त्या दिवसापासून बाई दुपारच्या बसने न्यू लिनला जायला लागल्या. गणेश झोपलेला असायचा, सुलभा कामावर. बाई सिद्धीला मांडीवर घेऊन बडबडगीतं म्हणायच्या. तिला मराठी सगळं कळायचं. गाणं संपलं की ती "आजी, अगेन" म्हणायची. कधी स्वतः म्हणायला जायची आणि दुसऱ्या ओळीला तिला धाप लागायची.

बाईंनी प्रसन्नजवळ विषय काढला. तो चिडला नाही. हीटर दिलाय, पण बिलाच्या भीतीने ते लावत नाहीत, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "आणि मी ते गॅरेज उद्या बंद केलं, तर ती तिघं कुठे जातील, सांग ना." दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा दुपारची बस धरून सिद्धीकडे गेल्या.

जुलैत तिथल्या महापालिकेच्या स्थानिक बोर्डाने एक ठराव पुढे आणला. भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराची तपासणी व्हावी आणि लायसन्स मिळाल्याशिवाय ते देता येऊ नये. निर्णयाआधी लोकांचं म्हणणं ऐकायचं म्हणून हेन्डरसनच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी सभा ठेवली होती. घरमालकांचे फोन सुरू झाले. खर्च वाढेल, भाडी वाढतील, शेवटी भाडेकरूच मरतील, असं जो तो म्हणत होता. सभेत आपली माणसं दिसायला हवीत, म्हणून ज्याच्या त्याच्या घरचे आईवडीलही निघाले. मनोरमाबाईंना प्रसन्न म्हणाला, तू नुसती बसून राहा.

हॉलमध्ये स्वेटर-शाली घातलेली म्हातारी माणसं रांगेने बसली होती. भाडेकरू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अध्यक्ष एक माओरी बाई होत्या. 'किया ओरा' असा माओरीत नमस्कार करून त्यांनी सुरुवात केली आणि ज्याला जी भाषा येते तीत बोला, असं सांगितलं. पाचसहा घरमालक बोलले. मग प्रसन्नने मागे वळून मान हलवली आणि मागच्या रांगेतून सुलभा उठली.

ती येणार आहे हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. कामावरून परस्पर आली असावी. अंगात वृद्धाश्रमाचा निळा गणवेश होता. पाठ केलेल्या इंग्रजीत तिने सांगितलं की आम्ही भाडेकरू आहोत आणि खूश आहोत. घर उबदार आहे. मालक भावासारखे आहेत. आम्हाला हे लायसन्स नको. टाळ्या पडल्या. ती खाली बसली तेव्हा तिने बाईंकडे पाहिलं नाही.

बाई कधी उभ्या राहिल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. प्रसन्नने त्यांच्या शालीचं टोक धरलं; शाल त्याच्या हातात राहिली.

"मी या प्रसन्नची आई," त्या मराठीत म्हणाल्या. "आत्ता ही मुलगी बोलली, ती आमच्याच गॅरेजात राहते. तिथल्या भिंतीला बुरशी आहे आणि तिच्या लेकीच्या छातीत कफ साठलाय. तिथे मी माझी बालवाडीची पोरं एक तासही बसवली नसती."

अध्यक्षबाईंनी विचारलं, कोणी भाषांतर करील का? प्रसन्नच्या पलीकडे बसलेली सुरुची उठली. क्षणभर तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि सासूचं वाक्य न् वाक्य, काही न गाळता, इंग्रजीत सांगितलं.

अध्यक्षबाईंनी सुलभाला शांतपणे विचारलं, हे खरं आहे का? मनात असेल तर आपण नंतर बाजूला बोलू.

सुलभा पुन्हा उभी राहिली. आता पाठ केलेलं काही नव्हतं, म्हणून अडखळत बोलली. नाही, तसं काही नाही. काकूंचं वय झालंय. त्यांना इथली थंडी सोसत नाही, त्यामुळे त्यांना सगळंच ओलं वाटतं. माझी मुलगी बरी आहे.

कोणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला हसतात तसं. बाई खाली बसल्या.

पुढच्या महिन्यात बोर्डाने ठराव बाजूला ठेवला. खुद्द भाडेकरूंनाच तो नको आहे, असं एक कारण दिलं होतं. पण गॅरेजाचा उल्लेख सभेच्या नोंदीत गेला होता. गॅरेजात बिऱ्हाड ठेवायला परवानगी नव्हती. कोणी बघायला आलं असतं, तर प्रसन्न अडचणीत आला असता. त्याने गणेशला बोलावून जागा सोडायला सांगितली. आईशी तो कामापुरतंच बोलत होता.

त्या तिघांना हेन्डरसनपलीकडे एका घरात एक खोली मिळाली. त्या घरात आधीच दोन कुटुंबं होती आणि खोलीला उघडणारी खिडकीच नव्हती. तो पत्ता बाईंना कोणी दिला नाही. सुलभाने फोन उचलणं बंद केलं होतं.

सप्टेंबरात सुरुची ड्युटीवरून आली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, "आई, सिद्धीला आमच्या इस्पितळात आणलंय. न्यूमोनिया. जीव वाचेल, पण डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग कामातून गेलाय. तो आता भरून येणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या. सिद्धी मास्क लावून पडली होती. डोळे उघडे होते, पण तिने आजीला पाहून हात उचलला नाही. सुलभा खुर्चीत होती. ती उठली नाही, जा असंही म्हणाली नाही. बाईंनी हात जोडल्यासारखं केलं आणि माफी मागायला लागल्या, तेव्हा तिने त्यांना थांबवलं.

"काकू, तुम्ही खोटं बोलला नाहीत. खोटं मी बोलले," ती म्हणाली. "पण तुम्ही बोललात आणि मुलाच्या गाडीत बसून घरी गेलात. आम्हाला तेवढं गॅरेजच होतं हो."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. सुलभाचं म्हणणं खोडून काढावं असं त्यांच्या मनात काही आलं नाही. आपण बोललो नसतो, तरी ही पोर त्या भिंतीशेजारीच खोकत राहिली असती, हेही त्यांना कळत होतं. त्याने मन हलकं झालं नाही.

घरी गेल्यावर त्या प्रसन्नला म्हणाल्या, मी पुढच्या महिन्यात परत जातेय. माझी खोली रिकामी होईल, ती गणेश-सुलभाला दे. तो म्हणाला, "बघू."

ते 'बघू' बाई त्याच्या लहानपणापासून ओळखत होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज इस्पितळात जायला लागल्या. त्याच आठवड्यात सुलभाची रजा संपली. त्या दिवशी ती दुपारी आली, मास्क ढळू नये म्हणून त्याचा पट्टा बाईंच्या हाती देऊन कसा धरायचा ते दाखवलं, आणि कामावर गेली.