सेलेस्तीनच्या गळ्यातला जोडा

मी एक जुना लाकडी जोडा आहे. जोडा म्हणजे दोघे, हे मला ठाऊक आहे; पण माझ्या डाव्या-उजव्याने आयुष्यात कधी वेगळे मत दिले नाही, म्हणून मी आपला 'मी'च म्हणतो. सध्या मी अनातोल नावाच्या एका म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या खुंटीला टांगलेला आहे. डाव्या टाचेला भुंगा लागला आहे आणि उजवा तडकल्यामुळे त्याला तारेचा पट्टा आवळला आहे. मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, हा अजून जळणात कसा गेला नाही? मित्रांनो, तेच तर सांगायचे आहे.

मला बासिलने घडवले. खाडीपासून आत, जंगलाच्या कडेला त्याचे खोपटे होते. ओल्या लाकडाचा ओंडका दोन पायांत धरून तो लांब दांड्याच्या वाकड्या पात्याने आतून कोरीत जाई आणि तोंडाने अखंड कुणाला तरी शिव्या देई. कोरून झाल्यावर त्याने मला भुशाच्या धुरात ठेवले, त्यामुळे माझा रंग मधासारखा झाला. मला न्यायला आली ती सेलेस्तीन. तेव्हा ती तरणीताठी होती, गालांवर खाऱ्या वाऱ्याची लाली.

"घालून बघ पोरी," बासिल म्हणाला. "चावला तर परत आण. पण चावणार नाही. माझे जोडे माझ्यापेक्षा गोड स्वभावाचे असतात."

मी चावलो नाही. शेवटपर्यंत चावलो नाही, एवढे श्रेय मी स्वतःकडे घेतो.

सेलेस्तीन वाटाड्या होती. आमच्या गावासमोर खाडीत एक उभा खडक आहे, त्याच्या माथ्यावर फार जुना मठ आहे. सगळे त्याला नुसता 'डोंगर' म्हणतात. ओहोटी लागली की गाव आणि डोंगर यांच्यामध्ये नुसती वाळू उरते, आणि त्या वाळूवरून चालत मठाला जाणे यातच खरे पुण्य आहे, असे मानणारे लोक लांबलांबून येतात. पण त्या वाळूत नदीचे फाटे रोज जागा बदलतात, आणि कुठे पाय गिळणारी चोरवाळू असेल ते सांगता येत नाही. म्हणून पुढे वाटाड्या हवा.

चोरवाळू अनवाणी पाय सोडते, जोडा मात्र सोडत नाही. त्यामुळे आमच्याकडे वाळू अनवाणी तुडवायची आणि जोडे दोरीने बांधून गळ्यात अडकवायचे, ही रीत. डोंगराच्या वेशीशी दगडी रस्ता लागला की मग ते पायात घालायचे. म्हणून मी माझे अर्धे आयुष्य सेलेस्तीनच्या पायांत काढले आणि अर्धे तिच्या छातीवर. तिचे बोलणे जेवढे मी ऐकले, तेवढे कुणीच ऐकले नसेल.

वाटाड्यांची आणखी एक रीत आहे, आणि सगळे दुःख तिथेच आहे. माणसे डोंगरापाशी पोचवली की ती वर मठ पाहायला जातात. वाटाड्या जात नाही. तो वेशीबाहेरच्या धक्क्यावर बसतो आणि पाण्यावर नजर ठेवतो. वाळूवरची नजर काढली तो वाटाड्या कसला, असे इथे म्हाताऱ्यांपासून सगळे म्हणतात. भरती कधी कधी सांगून येत नाही, धुके तर कधीच सांगून येत नाही. सेलेस्तीनने हजारो माणसे त्या मठाच्या पायथ्याशी नेली, पण स्वतः वर गेली नाही.

तसे पाहिले तर तिच्याइतका त्या मठावर कुणाचा हक्क नव्हता. तिचा बाप, त्योफिल, वर पाथरवट होता. मठाच्या वरच्या चौकात चारी बाजूंनी बारीक खांबांची रांग आहे, तिच्या दुरुस्तीला त्याचे हात लागले होते. एका रविवारी घरी येऊन त्याने लहानग्या सेलेस्तीनला मांडीवर घेतले आणि सांगितले, "खांबांच्या दगडी पानांत मी एक गोगलगाय कोरलीय. नखाएवढी. मुकादमाला माहीत नाही, साधूबाबांना माहीत नाही. ती तुझी. समुद्राच्या बाजूला आहे, तुला दिसेल अशीच ठेवलीय बघ." पुढच्या रविवारी तिला वर नेणार होता. मधल्या आठवड्यात त्याला ताप भरला आणि त्यातच तो गेला.

आता हा त्योफिल गावात थापाड्या म्हणून प्रसिद्ध. सफरचंदाची आंबूस दारू दोन पेले पोटात गेली की तो खाडीत देवमाशाशी कुस्ती खेळलेला असे. त्याची कुठलीच गोष्ट कुणी खरी धरली नाही. पण ही एक गोष्ट सेलेस्तीनने धरून ठेवली होती, कारण बापाने तिच्यासाठी मागे ठेवलेले दुसरे काहीच नव्हते.

माणसे मठ पाहून खाली आली की सेलेस्तीन घावनाचा तुकडा मोडता मोडता अगदी सहज विचारी, "काय हो, वरच्या चौकात खांबांवर पानं आहेत ना? त्यांत गोगलगाय दिसली का?"

"गोगलगाय? नाही बुवा. पण समुद्र काय दिसतो वरून!"

कुणी म्हणे, मान दुखेपर्यंत वर पाहिले, फुले आहेत, द्राक्षे आहेत, गोगलगाय काही नाही. एकदा एक जाडजूड गृहस्थ तिला खूश करायला म्हणाले, "दिसली तर! चांगली मोठी आहे, कोबीच्या गड्ड्याएवढी." सेलेस्तीनने त्यांना हसून नमस्कार केला. मी तिच्या पायांत होतो. बोटे आखडलेली मला कळली.

अनातोल हा आमचा शेजारी, तोही वाटाड्या, तिच्याच वयाचा. दोघे धक्क्यावर शेजारी बसत आणि दिवसभर एकमेकांना टोचत. त्याची जीभ म्हणजे कात्री. पण सेलेस्तीनला पडसे झाले तर तिच्या वाटणीच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वाळूतून उकरून दाराशी ठेवून जाणाराही तोच.

"विचारलंस का आज?" तो म्हणे. "काय म्हणाली मंडळी? गोगलगाय घरी होती का बाहेर गेली होती?"

"तुला काय करायचंय रे?"

"मला काय! तुझ्या बापानं देवमासा पण कोरला असेल की. मोठा असेल, विचार एकदा, दिसेल कुणाला तरी."

धक्क्यावरचे सगळे हसत. सेलेस्तीनही हसे, सगळ्यांत मोठ्याने. आणि परत जाताना, वाळूवर पुढे एकटी चालत असताना, माझ्या दोरीशी चाळा करीत पुटपुटे, "असेल. का नसेल?"

मित्रांनो, तेव्हा मला वाटे, बाईला वेळ मिळत नाही. आज ओहोटी लवकर संपते, उद्या धुके आहे, परवा मोठा जथा आहे. खाडीकाठची माणसे अशीच चुकतात. पाणी रोज जाते आणि रोज वाळू मोकळी करते, त्यामुळे त्यांना वाटते की उद्याची ओहोटी कुणी पळवून नेत नाही. पण कारण तेवढेच नव्हते, हे मला एका दिवशी समजले.

त्या दिवशी तिचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा दिवस, होता. अनातोलने तिच्यासाठी चक्क फुले आणली होती आणि लाज वाटून ती टोपीत लपवली होती. वेशीशी पोचल्यावर त्याने टोपी तिच्यापुढे केली आणि म्हणाला, "हे घे. आणि हे बघ, आज आकाश साफ आहे. तुझी माणसं मी सांभाळतो, पाण्यावर मी बघतो. जा वर. एकदाची बघून ये ती तुझी गोगलगाय."

"खरंच म्हणतोस?"

"जा म्हणतो ना! पुन्हा असा शहाण्यासारखा वागेन का नाही, सांगता येत नाही."

तिने मला पायांत चढवले आणि ती निघाली. काय सांगू मित्रांनो! त्या अरुंद दगडी गल्लीतून मी टक-टक, टक-टक वाजत होतो. खानावळी मागे पडल्या, छोटे दफनस्थान मागे पडले, पायऱ्या सुरू झाल्या. इतक्या वर्षांनी मीही मठ पाहणार होतो. वाऱ्याने तिची टोपी उडायला आली तरी तिला भान नव्हते.

मठाचे मोठे दार आले. ते सताड उघडे होते. आतून गारवा येत होता आणि कुणीतरी झाडत होते. सेलेस्तीन उंबऱ्यापुढच्या पायरीवर थांबली. एक पाय उचलला, परत ठेवला. मग ती त्या पायरीवर बसली, फुले मांडीवर घेऊन. लोक तिला वळसा घालून आत जात राहिले. खूप वेळाने ती मला, म्हणजे स्वतःलाच, म्हणाली, "नसलीच तर?"

तेवढेच. आणि ती उठून खाली आली.

मला हात असते तर मी तिला आत ढकलले असते. पण जोड्याला पाय नेतील तिकडे जावे लागते. आयुष्यात तेवढे एकदाच मला माझ्या लाकडाचा राग आला.

"पाहिलीस?" अनातोलने विचारले.

"दार बंद होतं," ती म्हणाली.

"दार बंद? आज?" त्याने तिच्याकडे पाहिले. त्या वेळी तो गप्प बसला असता तर बरे झाले असते. पण धक्क्यावर चार माणसे होती, आणि त्याची जीभ! "दार नसेल बंद, गोगलगायीनं आतून कडी घातली असेल. बापासारखीच लबाड!"

सगळे खो-खो हसले. सेलेस्तीनही हसली. त्यानंतर मात्र तिने कुणालाही गोगलगायीबद्दल विचारले नाही.

पुढे दिवस बदलले. डोंगरापर्यंत बांध झाला, त्यावरून गाड्या धावू लागल्या. वाळूवरून जाणारे थोडे उरले, आणि त्यांना नेणारे वाटाडे रबरी बूट पाठीला लावून येऊ लागले. सेलेस्तीनचे गुडघे गेले. मला तिने परसात कोबीला पाणी घालताना वापरले. मग तेही सुटले, तेव्हा मागच्या दाराशी मी पावसात पडून राहिलो. एका हिवाळ्यात माझ्या उजव्यात उंदराने घरही केले. मी तक्रार करीत नाही. खिडकीतल्या खुर्चीवरून सेलेस्तीन रोज डोंगराकडे पाही, आणि मीही त्याच दिशेला तोंड करून पडलेला होतो.

एका फेब्रुवारीत ती छातीच्या दुखण्याने गेली.

घर आवरायला तिची भाची आली. तिने मला उचलून जळणाच्या टोपलीत टाकले. तेवढ्यात अनातोल दारात उभा. पार वाकलेला, हातात काठी.

"तो जोडा मला दे."

"हा? काका, अहो फुटलाय तो. आणि तुमच्या पायात जाईल तरी का?"

"नाही जाणार. दे तू."

त्याने तडकलेल्या उजव्याला तारेचा पट्टा बांधला, माझ्यात नवी दोरी ओवली आणि मला गळ्यात अडकवले. बांधावरून गाडी जात असताना तो म्हातारा अनवाणी वाळूवर उतरला. गार पाण्यातून, नदीचे फाटे ओलांडीत, दर थोड्या वेळाने थांबत. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, आणि हे अनातोलच्या बाबतीत कधी घडले नव्हते. वेशीशी त्याने धक्क्याकडे पाहिलेही नाही. पाण्याकडे पाठ करून तो वर निघाला.

मठाचे दार ओलांडताना मी त्याच्या छातीवर हेलकावे खात होतो. चौक आला. मित्रांनो, तो चौक सुंदर आहे, मधे हिरवळ आहे आणि खांब इतके बारीक आहेत की ते छप्पर कसे पेलतात कळत नाही. पण आम्हाला ते कुठे बघायचे होते! समुद्राच्या बाजूच्या प्रत्येक खांबापाशी अनातोल मान वर करून उभा राही. पाने, फुले, द्राक्षे. एक खांब, मग पुढचा खांब. डोळ्यांना पाणी येई, ते पुसून पुन्हा पाही. शेवटच्या खांबापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"आजोबा, काही हरवलं का?" राखणदाराने विचारले. "बंद करायची वेळ झाली."

"हरवलं नाही. शोधतोय."

"काय शोधताय?"

 अनातोल दमून कठड्याला टेकत फरशीवर खाली बसला. उभ्या राहिलेल्या लहान मुलाच्या नजरेइतकी त्याची नजर आता खाली आली होती. समोर खांबाचा पाया होता. पायाच्या कोपऱ्यालाही एक छोटे दगडी पान होते, आणि पानाखाली, नखाएवढी, शिंगे बाहेर काढलेली गोगलगाय.

तुला दिसेल अशीच ठेवलीय, असे त्योफिल म्हणाला होता. मांडीवर बसणाऱ्या मुलीला दिसेल अशी! आणि आम्ही सगळे इतकी वर्षे माना वर करून बघत होतो.

अनातोलने मला गळ्यातून काढले आणि त्या खांबाशी, गोगलगायीसमोर ठेवले. बोट तिच्यावरून फिरवले. राखणदार किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

"होती गं," अनातोल म्हणाला. "सेलेस्तीन, होती." आणि मग तो रडू लागला, नाक ओढत, तोंड न झाकता. "मी नुसतं 'जा' म्हणालो. 'चल' म्हणालो असतो तर आली असती."

तेव्हापासून मी त्याच्या खुंटीवर आहे. तो आता कुणाला टोचून बोलत नाही, आणि गावाला ते आवडलेले नाही. लोक म्हणतात, म्हातारा खचला. मी त्याला दोष देत नाही. तिच्यावर त्याच्याइतकी माया कुणी केली नाही आणि तिची भीती त्याच्याइतकी कुणी वाढवलीही नाही. हे दोन्ही एकाच माणसाला जमते, हे मला लाकूड असूनही कळले.

मित्रांनो, मला जपा, तेल लावा, भुंग्यापासून वाचवा, असे मी म्हणणार नाही. माझे काम झाले आहे. पण तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी असे असेल की जे एका दारापर्यंत जाऊन परत येते आणि दार बंद होते म्हणून सांगते. त्याला हसू नका. त्याला 'जा' असेही म्हणू नका. पाण्यावरची नजर थोडा वेळ दुसऱ्या कुणाला ठेवू द्या, आपले जोडे पायांत चढवा, आणि त्याच्याबरोबर आत जा.