असेल, असावा, असणार

माझा नवरा लिंडेल नाहीसा झाला त्या दिवशी मी शाळेत होते. 'लेडी युडोरा' नावाची मालाची होडी शेळ्या आणि तुरीच्या शेंगांची पोती घेऊन दुपारी आमच्या छोट्या बेटावरच्या हिल्सबरोच्या धक्क्यावरून मोठ्या बेटाकडे, ग्रेनाडाकडे निघाली आणि पोचलीच नाही. चार दिवसांनी दोघा खलाशांची प्रेतं सापडली. तिसरा खलाशी सापडला नाही. प्रवासी किती होते हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण तसल्या होडीवर कोणी नावं लिहून घेत नाही. ओळखीचा माणूस उडी मारून चढतो आणि पोत्यावर बसतो.

लिंडेल गवंडी होता. मोठ्या बेटावर त्याचं काम चालू होतं, आणि त्या दिवसापासून तो घरी आला नाही. पण एकदा तो कोणालाही न सांगता त्रिनिदादला जाऊन सात महिने राहून आला होता, तेही हसत हसत, हातात एक पंखा घेऊन. त्यामुळे आमच्या हार्वे व्हेल गावात निम्मे लोक म्हणायचे बुडाला, निम्मे म्हणायचे येईल. मी काहीच म्हणत नव्हते. वर्गात जात होते, वह्या तपासत होते.

असे चौदा महिने गेले. मग आमच्या मुलीचं, केड्राचं निघालं. ती पंधरा वर्षांची. टोरोंटोला तिची आत्या होती, ती तिला शिकायला बोलावत होती. पासपोर्टसाठी बापाची सही हवी, नाहीतर बाप नाही असा कोर्टाचा कागद. कोर्टाला दोन लेखी जबाब हवे होते, एक त्याच्या बायकोचा आणि एक त्याच्या आईचा.

माझा जबाब मी एका बैठकीत लिहिला. सतरा वर्षं मी इंग्रजी शिकवते. 'माझा नवरा होडीवर असू शकेल' अशा अर्थाचं वाक्य लिहिलं, 'माइट हॅव बीन ऑन द बोट', कारण मला तेवढंच ठाऊक होतं. मग एक स्वल्पविराम काढला आणि नेऊन दिला.

कोर्टातल्या मिस पास्कॉलनी तो दोन दिवसांत परत दिला. "टीचर अँसेला, हे चालायचं नाही हो. 'माइट'वर साहेब कोणाला मेलेला धरत नाहीत."

"मग काय लिहू?"

"माझ्या भाचीला व्याकरण तुम्ही शिकवता, आणि मला विचारता? 'मस्ट' लिहा. असणारच, असं."

"मी पाहिलेलं नाही त्याला चढताना."

"पाहिलं असतं तर 'वॉज' लिहिलं असतंत. न पाहता खात्री असते, तेव्हाच तर 'मस्ट'." मग जरा खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आणि पाहिलेला एखादा आणा ना कोणी. धक्क्यावर इतके लोक असतात."

मी कॉस्नेलकडे गेले. त्या दिवशी युडोरावर पोती चढवणारा तो. झाडाखाली बसून तो जाळं शिवत होता.

"पाहिला ना!" तो म्हणाला. "दुपारी दीडला. ही वॉज बाय द बोट."

आमच्याकडे 'बाय' म्हणजे तिथंच. मी आईच्या 'बाय' राहते म्हटलं, तर मी आईच्या घरात राहते. मी त्याचा जबाब तसाच लिहून नेला. पण मिस पास्कॉल मोठ्या बेटाच्या, शिवाय कागद इंग्रजीत. त्यांनी त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला. "होडीपाशी म्हणजे होडीवर नव्हे. धक्क्यावर उभा असेल. सिगारेट ओढत असेल."

मी परत गेले. "कॉस्नेल, होडीपाशी की होडीवर?"

"तुम्हीच सांगा टीचर. परीक्षा तुमची."

"मी विचारतेय."

त्यानं सुई खाली ठेवली. "पाठ फिरवली तेव्हा धक्क्यावर होता. मग होडी सुटली, तेव्हा धक्क्यावर नव्हता. मध्ये काय झालं ते मी नाही बघितलं, बाई. पोती मोजत होतो."

म्हणजे 'मस्ट'च. तसं मी लिहिलं. आपलं अक्षर नीट आलंय, एवढंच माझ्या मनात आलं.

राहिली सासू. मिस एथनील म्हणतात तिला, मी 'मा' म्हणते. तिचा जबाब मीच लिहून नेला, तिनं फक्त सही करायची होती. ती मागच्या अंगणात मक्याची कणसं सोलत होती.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. 'माझा मुलगा होडीवर असणारच.'

"मस्ट? मस्ट म्हणजे करायलाच पाहिजे ना? शाळेत मुलांना सांगतेस तसं. हात धुतलेच पाहिजेत. तसा माझा मुलगा मेलाच पाहिजे?"

"मा, तो 'मस्ट' वेगळा. हा अंदाजाचा."

"शब्द तर तोच आहे."

"हो. शब्द तोच आहे."

"मग मी नाही सही करत. 'मे' लिही. असेल लिही. असेल म्हटलं की नसेलही."

"'मे'वर केड्राला पासपोर्ट मिळत नाही."

"नको मिळू दे. बापही गेला, पोरगीही जाऊ दे का?" तिनं कणीस टोपलीत फेकलं. "आणि तू उभी काय राहतेस अशी? दगड आहेस का?"

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

त्या आठवड्यात तिसऱ्या वर्गाला नेमका तोच धडा होता. मस्ट, मे, माइट. मी फळ्यावर 'छत्री गाडीत असणार', 'छत्री गाडीत असावी' अशी वाक्यं लिहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, पण छत्री सापडली तर?" मी म्हटलं, तर मग या शब्दांची गरज उरत नाही. वर्ग संपला. मी डस्टरनं फळा पुसला, कोपऱ्यांपर्यंत.

तारखेच्या दिवशी मा माझ्याबरोबर कोर्टात आली. सही न करता, पण चर्चची टोपी घालून. न्यायाधीश मोठ्या बेटावरून आलेले, तरुण होते. त्यांनी माझा जबाब वाचला, कॉस्नेलचा वाचला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन्ही अंदाज आहेत," ते म्हणाले. "आईचा जबाब?"

मी उठणार, एवढ्यात मा उठली.

"सकाळी तो माझ्या खिडकीशी आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, मा, मी आज युडोरावर असेन, उद्या येतो, कॅलालूची पालेभाजी करून ठेव."

मी तिच्याकडे पाहिलं. मला हे माहीत नव्हतं.

न्यायाधीशांनी पेन उचललं. "नेमके शब्द सांगा. असेन म्हणाला, की बहुतेक असेन? 'विल' की 'माइट'?"

"विल. आय विल बी ऑन द बोट. माझा मुलगा माइट म्हणणाऱ्यांतला नव्हता, साहेब. पूर्वी तो सांगायचाच नाही. ते एकदाच सांगून गेला."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कोणी? सगळे विचारायचे, तो होडीवर असेल का हो? त्याला मी काय उत्तर देणार? तो काय म्हणाला, हे कोणी विचारलंच नाही." ती थांबली. "आणि सांगितलं असतं, तर तो त्याच दिवशी गेला असता."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मानं सही केली. अर्ध्या तासात कागद झाला.

बाहेर ऊन होतं. आम्ही बसची वाट बघत भिंतीच्या सावलीत उभ्या राहिलो. इतके महिने हे तिच्या पोटात होतं. मी चिडायला हवं होतं. मला ते कळत होतं, पण चिडणं येत नव्हतं.

"मला तरी सांगायचं, मा."

"तू रडत नव्हतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला आधीच माहीत आहे."

बस आली. आम्ही चढलो. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

ऑगस्टमध्ये केड्रा गेली. जाण्याआधी आम्ही लिंडेलच्या नावाचा दगड उभा केला. दगड उभारला नाही तर गेलेल्याला विसावा मिळत नाही, असं आमच्याकडे मानतात. खाली पुरायला काही नव्हतं, तरी उभा केला. कॉस्नेलनं एक शेळी आणली. बायकांनी मोठ्या भांड्यांत भाताचे गोळे वळले, मक्याच्या पिठाचं कूकू घोटलं. आतल्या खोलीत पांढरा कपडा अंथरून मानं मृतांचं ताट मांडलं आणि त्यात कॅलालू वाढलं. मला हाक मारली नाही, पण दार उघडं ठेवलं.

दुपारपासून अंगणात तीन ढोल वाजत होते. घरच्यांनी रिंगणात उतरायचं असतं. मी खुर्चीवर बसून होते. मा आली, माझ्या दंडाला धरून तिनं मला उठवलं आणि मधोमध ढकललं.

"नाच," ती म्हणाली. "तुला येवो, न येवो."

मला येत नव्हतं. अनवाणी पायांनी मी चार पावलं टाकली, मग आणखी चार. बायका टाळ्या वाजवत होत्या, कोणीतरी माझ्या चुका मोठ्यानं सांगत होतं, केड्रा हसत होती. खडीवर पाय भाजले. दम लागेपर्यंत मी नाचले आणि मग खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा पाय ठणकत होते, गुडघ्यापासून खालपर्यंत. मी पलंगाच्या कडेवर बसून ते बराच वेळ दाबत राहिले.