खुर्च्यांपुरती कोरडी जमीन

"पाणी कुठे गेलं?" मी मंडपवाल्याला विचारलं.

तो शिडीवर चढून फलकाची दोरी ताणत होता. मान न वळवताच म्हणाला, "सोडून दिलं, मॅडम. काल खुर्च्या रुतत होत्या ना."

फलकावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाणी परत आलं'. त्याखाली उभी असताना माझ्या बुटांना साधा चिखलही लागत नव्हता.

ही जागा म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध असलेली पाणथळ. कधीकाळी कुणा शहाण्याने चर खणून ती कोरडी केली होती. आम्ही ती पुन्हा ओली करत होतो. चरात जाड फळ्या बसवायच्या, पाणी अडवायचं आणि मग आपण बाजूला व्हायचं. लव्हाळं, बेडूक, पक्षी यांना पुढचं कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते माणसांना. इथे अडवलेलं पाणी तिकडे कुणाच्या तरी हद्दीत शिरतं, म्हणून वनखातं, पाटबंधारे, रस्तेवाले, गुरंवाले या सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळवायला माझी नेमणूक झाली. पदाचं नाव समन्वयक. माझी आई शेजारणींना सोपं करून सांगते, "आमची मुलगी बारा घरची सून आहे."

मला त्या 'समन्वय' शब्दाचा वीट आलाय. ज्याला माझ्याकडून काही मुकाट गिळून घ्यायचं असतं, तो म्हणतो, "मॅडम, जरा समन्वय साधा."

यंदा करकोच्यांच्या एका जोडीने इथे पहिल्यांदाच घरटं केलं होतं. लव्हाळ्याचा ढीग, त्यावर दोन अंडी आणि चहूकडे उथळ पाणी. ते पाणीच त्यांचं कुंपण. पाय भिजवून कोल्हा तिथवर जात नाही.

मी दुर्बीण लावली. घरट्याभोवती नुसता गाळ चकाकत होता. पण एक पक्षी अजून अंड्यांवर बसलेला होता. माझा जीव भांड्यात पडला.

"चरातल्या फळ्या कुठे ठेवल्यात? आत्ता बसवायला हव्यात."

मंडपवाल्याने हनुवटीनेच स्टेज दाखवलं. स्टेजच्या पायऱ्या आमच्या फळ्यांच्या होत्या. वर लाल कापड ठोकलेलं.

"चांगलं लाकूड होतं. साहेब म्हणाले, वापरा," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "मला वाटलं, तुम्हाला विचारलं असेल."

उद्यानाच्या संचालकांना मी फोन लावला.

"सर, मोठ्या चराच्या फळ्या काढल्यात."

"हो, मीच सांगितलं. मंत्र्यांना काय गुडघाभर पाण्यात उभं करायचं?"

"सर, तिथे घरटं आहे."

"माहितीये ना. त्यासाठीच तर ते येतायत."

"पाणी नसेल तर कोल्हा येईल."

"एका दिवसात काय होतंय? कार्यक्रम आटोपला की लावा फळ्या. जरा समन्वय साधा, मॅडम."

"कुणाशी, सर? कोल्ह्याशी?"

ते मनापासून हसले. "तुमच्या विनोदाला तोड नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी स्टेजशी जाऊन पहिली फळी उचकटायला घेतली, तेवढ्यात गाड्या आल्याच. संचालकांनी कोपराला धरून मला वर नेलं आणि मागच्या रांगेत बसवलं. त्या पायऱ्यांवरून मीही चढले. स्वतःची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या चार पावलांत कळलं.

समोर गावकऱ्यांत म्हशीवाले काका बसले होते. त्यांच्या चराऊ कुरणात पाणी शिरू द्यायला ते एकटेच वर्षभर तयार नव्हते. त्यांच्या गोठ्यात बसून मी त्यांची समजूत घातली होती. "पाणी आलं की पक्षी येतील, काका, माझा शब्द." आज ते इस्त्रीचा सदरा घालून, बायकोला घेऊन तो शब्द बघायला आले होते. सारखे मागे वळून कोरड्या दलदलीकडे बघत होते आणि मग माझ्याकडे. मी नजर चुकवत होते.

मंत्री बोलायला उभे राहिले. पाणी म्हणजे जीवन, इथपर्यंत आले असतील, तोच लव्हाळ्यातून करकोच्यांचा आवाज उठला. दोघांचा, कर्कश, तुटक, थांबायचं नाव नाही.

"बघा," मंत्री हात पसरून म्हणाले, "तेसुद्धा आपलं स्वागत करतायत."

टाळ्या पडल्या. संचालक सर्वांत जोरात वाजवत होते. टाळ्या न वाजवणारे आम्ही दोघंच होतो. काका उठून उभे राहिले होते.

मला शिसारी आली. मी उठले, मंत्र्यांच्या पाठीमागून चालत खाली उतरले, लाल कापड फाडलं आणि फळी ओढायला लागले. मंडपवाल्याने पहार माझ्या हातात दिली. काका दुसऱ्या टोकाला येऊन वाकले.

वर कुजबुज झाली. मग ध्वनिक्षेपकातून संचालकांचा मधाळ आवाज आला. "आणि आता आपल्या समन्वयक मॅडम पाणी कसं अडवतात, याचं प्रत्यक्ष प्रात्यक्षिक दाखवतील."

पुन्हा टाळ्या. या लोकांवर थुंकलं तरी ते गुलाबपाणी म्हणून पुसून घेतील.

आम्ही फळ्या चरापाशी ओढत नेल्या आणि एकेक खाचेत ठोकून बसवल्या. तिकडे मंत्र्यांना खुर्ची लावून स्टेजवरून उतरवलं, गाड्या गेल्या, मंडपवाला कनाती गुंडाळायला लागला. करकोच्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. काका आणि मी गाळ तुडवत घरट्याकडे गेलो. गाळात आमच्या आधी गेलेल्याची पावलं उमटली होती, कुत्र्याहून लहान, नीट एका रेषेत. ढिगावर कवचाचे तुकडे होते. जोडी थोडी बाजूला सरकून उभी राहिली. आम्ही मागे फिरलो, तेव्हा ती परत ढिगापाशी आली, पण बसली नाही.

फोन वाजला. संचालकांचा निरोप होता : 'कार्यक्रम फार छान झाला. प्रात्यक्षिकाची कल्पना मंत्र्यांना खूप आवडली. बातमीसाठी जोडीचा एक फोटो पाठवा.'

मी तिथूनच फोटो काढला. मधे ढीग, दोन्ही बाजूंना ते दोघं, माना खाली. पाठवून दिला.

लगेच उत्तर आलं. 'वा! बसलेल्यापेक्षा उभेच जास्त छान दिसतात.'

"काय म्हणतायत साहेब?" काकांनी विचारलं.

"छान दिसतात म्हणाले."

काका चराकडे बघत होते. चराच्या तोंडाशी पाणी हळूहळू चढायला लागलं होतं.