लिंबाखालचं इंदापूर

रिटायर गार्ड आबासाहेबांनी बारामतीच्या घरामागं, डाळिंबांच्या बुंध्यांतून बॅटरीवरची छोटी रेल्वे मांडली होती. कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवणारे कंट्रोलरही तेच. खुर्ची प्लॅस्टिकची, पण सुटत नव्हती. चहा व्हायच्या आत नातवाची, गोकुळची मालगाडी लिंबाखालच्या ‘इंदापूर’ स्टेशनात पोचली, तर पुढच्या रविवारी ती खुर्ची त्याची, असं ठरलं होतं. मग आबासाहेब पॅसेंजरमागं पॅसेंजर सोडत राहिले.

"आबा, रिकाम्या गाड्या फिरवताय."

"पॅसेंजर आधी. माल थांबंल. नियम हाय."

गोकुळनं बाजूचा एक प्रवासी डबा उचलून आपल्या मालाच्या वाघिणींमागं जोडला. "घ्या, मिक्स गाडी झाली. नोकरीत तुमी हीच नेत हुता न्हवं? द्या सिग्नल."

आबासाहेबांनी बॅटरीची वायरच उपसली. त्यांची पॅसेंजरसुद्धा वाटेत मेली.

"चहा झाला," ते म्हणाले. "टाइम संपला."