चार हातांचं दार

मी घर बोलतंय. आंदर मावळातलं, काळ्या दगडाचं. आत यायचं असेल तर आधी मान खाली घाला. नाही घातलीत तर मी काही बोलणार नाही, दारावरची शिळाच काय ते सांगेल. टाळकं शेकलं की माणसाला बरोबर कळतं.

यात माझा काही दोष नाही. मला बांधलं निवृत्तीनं, म्हणजे माझी आताची मालकीण झुंबरबाई, तिच्या आजेसासऱ्यानं. घराची मापं त्यानं स्वतःच्याच हातानं घ्यायला लावली, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. दार ठरलं चार हात उंच. आता निवृत्ती ठेंगणा, त्याचा हातही बेताचाच. गवंडी म्हणाला, "मालक, दार बुटकं व्हतंय." निवृत्ती ताठ मानेनं आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "मला तर कुटं लागंना." झालं. पण त्याची बायको होती चांगली उंच आणि पोरं सगळी तिच्यावर गेली. तेव्हापासून हे घराणं कपाळ चोळतंय.

भिंती मात्र माझ्या जाड, दोन हात. त्याचेच हात, पण दोन. एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला गुरं, मध्ये नुसती गव्हाण आणि दार दोघांना एकच. गुरांच्या अंगाची ऊब पावसाळाभर माणसांना मिळते. गोठ्याची बाजू जरा उतरती, म्हणजे त्यांची घाण त्यांच्याच बाजूनं बाहेर जाते. हल्ली लोक याला आर्किटेक्चर म्हणतात आणि फोटो काढतात.

चंद्री म्हैस रोज संध्याकाळी शिंगं तिरकी करून, मान वाकवून अशी आत येते की बघत राहावं. झुंबरबाईचा मुलगा निलेश इथंच जन्मला, इथंच वाढला, तरी अधूनमधून दारात "आय गं" करतोच. म्हशीला कळतं ते याला कळत नाही, काय करायचं.

हा निलेश उर्श्याच्या टोलनाक्यावर कामाला. दिवसभर सहलीच्या गाड्या बघून त्यानं घेतलं मनावर, आपणही फार्महाऊस करायचं. गोठ्याच्या जागी पाहुण्यांची खोली, चंद्रीला मागं पत्र्याची शेड. आणि माझी शिळा काढून दार उंच करायचं.

"पाहुण्यांची डोकी फुटली तर रेटिंग कोण देणार?" तो म्हणाला.

पुढच्या भिंतीचा सगळा भार त्या शिळेवर. ती काढली तर मी उभं राहीन की बसेन, हे हनुमंत गवंड्यालाही सांगता येईना. तो वर बघून नुसतं "बगू" म्हणाला. गवंडी "बगू" म्हणाला की घरानं काय ते समजून जावं.

झुंबरबाईनं विचारलं, "म्हशीला इचारलंस का?" निलेशला वाटलं, आई थट्टा करतेय.

शेड झाली. ऐसपैस, उंच दार, वर पंखा. चंद्रीला तिकडं बांधलं, गोठा धुऊन काढला, पलंग टाकला. शिळा सोमवारी काढायची होती, पण पहिला पाहुणा शनिवारीच आला. सुहास नावाचा, मुंबईचा, सहा फुटी गडी. माझ्या भिंतीवरून हात फिरवत "वा, काय बांधकाम आहे" म्हणाला आणि लगेच आपटला. त्याला हळद लावून पलंगावर बसवलं. चहा मिळाला कोरा, कारण शेडमध्ये नेल्यापासून चंद्रीनं पान्हा चोरला होता, दुधाचा थेंब दिला नव्हता.

संध्याकाळी चंद्री रानातून आली. शेडकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. माझ्या दारात शिंगं तिरकी केली आणि थेट आपल्या जागेवर. जागेवर पलंग, पलंगावर सुहास. ती थांबली आणि त्याच्या तोंडावर एक मोठा सुस्कारा सोडला. सुहास उशी कवटाळून पळाला. जाता जाता शिळेला पुन्हा एकदा भेटून गेला.

झुंबरबाईनं तिथंच खाली चरवी धरली. चंद्रीनं भरून दूध दिलं.

"आय, तिला भाईर काड. पाव्हणं हायेत," निलेश कुजबुजला.

"पाव्हण्याला शेडात निजव. त्यो ऱ्हाईल. ही न्हाई ऱ्हायची."

सुहास शेडमध्ये गेला, पंख्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "इथंच बरं आहे हो. ताठ उभं राहता येतं." दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी तो घोरत होता.

सोमवारी हनुमंत पहार घेऊन आला. तोवर पलंगही शेडमध्ये गेला होता. निलेशनं हनुमंतला दुधाचा चहा पाजला.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. शिळा हाय तशीच ऱ्हाऊ दे."

"मी बी तेच म्हनत व्हतो," हनुमंत म्हणाला. तो असं काहीएक म्हणत नव्हता, पण जाऊ दे.

आता फार्महाऊसची पाटी पत्र्याच्या शेडवर आहे. पाहुणे तिथं राहतात आणि फोटोसाठी माझ्याकडं येऊन आपटून जातात. परवा निलेश कामावर निघताना पुन्हा आपटला. चिडला नाही. शिळेवर तळवा ठेवून म्हणाला, "ऱ्हा बाई अशीच." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तुम्हीही या. शेडमध्ये राहा, पंखा आहे. मला भेटायचं असेल तर संध्याकाळी चंद्रीच्या मागून या. ती वाकेल तिथं वाका.