वाण आणि गुण

माझी बायको पक्षी मोजते, तेही न बघता. लव्हाळ्यांच्या दाटीत वटवट्या दिसत नाही, ऐकू येतो. त्यामुळे तिचं सगळं काम कानांवर चालतं आणि घरात मला कुजबुजायचीही सोय नाही.

ज्या तळ्यात ती पोहायला शिकली, ते बुजवून तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार होती. तळ्यात एक वटवट्या होता, पण कुठला, हे तिने सांगायचं होतं. राखाडी वटवट्या म्हणजे पैशाला पासरी. तो निघाला तर तळं गेलं. पांढऱ्या भुवईचा निघाला तर वाचलं, कारण ती जात आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. भुवई सोडली तर दोघं सारखेच. गाणं मात्र वेगळं: राखाडी किटकिट करतो, दुसरा लांब शीळ घालतो.

आठवडाभर ती पहाटे जाऊन बसली. नुसती किटकिट. तोंड पाडून घरी आली. मी म्हटलं, ठोकून दे की भुवईवाला आहे म्हणून, कोण बघायला जातंय? तिने असं पाहिलं की मी मुकाट्याने चहा गाळायला लागलो.

चहा देताना मी खाकरलो. शेजारचे मास्तर प्रत्येक वाक्याआधी खाकरतात. ती खोड मला लागली, असं सासूबाईंचं म्हणणं. मला ते साफ अमान्य आहे.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," सासूबाई म्हणाल्या, "वाण नाही पण गुण लागला."

बायकोने कप खाली ठेवला. "आई, परत म्हण."

दुसऱ्या दिवशी तिने जाळी लावली. सापडलेल्या पाखराला पांढरी भुवई होती. शिकवायला आपल्यातलं मोठं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून बिचाऱ्याने आसपासच्या राखाडी शेजाऱ्यांचं गाणं उचललं होतं.

तळं वाचलं. मला आनंद झाला, तिला पुरता होईना. त्याच्या जातीच्या शिळेचं जुनं रेकॉर्डिंग मिळवून तिने ते तळ्याकाठी लावलं. पाखरू गप्प झालं. काठाच्या काडीवर येऊन, मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकत राहिलं. मग त्याला येत होतं ते उत्तर त्याने दिलं. किटकिट.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं. तिला काहीतरी बरं वाटेलसं बोलायला गेलो, आणि आधी खाकरलो.